‘उद्यापासून’ म्हणजे कधीपासून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सगळ्या सूचना लवकरच मोबाइलवर मिळणार, अशी बातमी आपल्या दैनिकात वाचली. वाचून फार आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. गेल्या जुलैत आमच्या गावात मोबाइलवर फिरलेल्या एका सूचनेनं काय केलं ते आधी सांगतो, मग माझं म्हणणं मांडतो. पत्र लांबेल. आयुष्यभर लोकांचे शब्द मोजून पैसे घेतले, आता निवृत्तीनंतर स्वतःला थोडी सूट घेतोय.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे. या बाजूला जुलैचा पाऊस कसा असतो हे आपल्या वाचकांना सांगायला नको. रस्त्यावरची एक मोरी खचली आणि सकाळची बेळगावची गाडी बंद झाली. कार्यालयानं कानडीत नोटीस काढून फलकावर लावली. कुणीतरी तिचा मोबाइलवर फोटो काढला. फोटो तिरका, वर ट्यूबलाइटचा उजेड चमकलेला, आणि जिथं तारीख होती नेमका तिथं फोटो काढणाऱ्याचा अंगठा. फोटोखाली कुणा भल्या माणसानं मराठी करून टाकलं:

‘उद्यापासून जांबोटी मार्गे जाणारी सकाळची साडेसहाची गाडी रस्ता दुरुस्त होईपर्यंत बंद राहील. प्रवाशांनी साडेआठची गाडी घ्यावी.’

पाच दिवसांत मोरीवर मुरूम टाकून रस्ता चालू झाला, गाडीही चालू झाली. फोटो मात्र चालतच राहिला. गावच्या ग्रुपवरून बचत गटाच्या ग्रुपवर, तिथून कुणाच्या तरी शहापूरच्या मावशीकडं, मावशीकडून पुन्हा गावात. दर वेळी कोरा करकरीत, कारण ‘उद्या’ कधी शिळा होत नाही.

वरल्या आळीतली एक म्हातारी पावसाळ्यात अळंबी विकते. पहाटे कंदील घेऊन रानात जायचं, वारुळाच्या कडेची अळंबी काढायची, कुड्याच्या पानात बांधायची आणि साडेसहाच्या गाडीनं बेळगावचा बाजार गाठायचा. अळंबी दुपारपर्यंत काळी पडतात, त्यामुळं गाडी म्हणजे तिचा जीव. त्या दिवशी तिची सून म्हणाली, ‘आत्ती, उद्यापासनं गाडी बंद हाय, मोबाइलवर आलंय.’ दुसऱ्या दिवशी साडेसहाची गाडी थांब्यावर येऊन, हॉर्न वाजवून, रिकामी गेली. म्हातारी साडेआठच्या गाडीनं गेली. बाजारात पोचली तेव्हा गिऱ्हाईक निघून गेलेलं. बुट्टी अर्ध्या दरात एका खानावळवाल्याला देऊन परत आली आणि संध्याकाळी माझ्या कट्ट्यावर बसली.

‘मास्तर, तुमी तारेतलं माणूस. ह्ये उद्या म्हंजे कवाचं उद्या?’

मी १९७८ साली तारखात्यात लागलो. बोटात मोर्स, म्हणजे तारेची ठोक्यांची लिपी, बसायला आठ-नऊ महिने गेले. इकडं खटका दाबायचा, पलीकडचा तारमास्तर कानानं ऐकून हातानं लिहायचा. लोकांना तारेचा मजकूर तेवढा ठाऊक, ‘मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’. पण मजकुराच्या आधी आम्ही एक ओळ पाठवायचो. ती फॉर्मच्या माथ्यावर उतरायची आणि तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नसे. तार कुठल्या वर्गाची, नंबर किती, कुठल्या ऑफिसातून सुटली, तारीख, वेळ आणि शब्द किती. एवढंच. म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत होतं. तारेत कुणी ‘उद्या’ लिहिलं तरी बिघडत नसे, कारण उद्या कुठल्या दिवसाचा ते माथ्यावर पक्कं झालेलं असे, आणि ती ओळ मजकुरापासून कुणाला वेगळी करता येत नसे. अंगठा ठेवायला जागाच नव्हती.

शब्दसंख्येचं काम आणखी वेगळं. घेणारा मजकूर लिहून झाला की शब्द मोजायचा. माथ्यावर चौदा आहेत आणि हातात तेरा आले, तर तार मिळाली असं कळवायचंच नाही. उलट विचारायचं, कुठला शब्द राहिला? शेवटी ‘संपलं’ची खूण यायची, डिट-डा-डिट-डा-डिट (डिट म्हणजे आखूड ठोका, डा म्हणजे लांब), आणि मग दोघं मोकळे.

रिवाज मोडला की काय होतं तेही सांगतो, कारण मोडणारा मीच होतो. १९८१ चा पावसाळा, लाइनवर नुसती खरखर. मुंबईच्या एका गृहस्थांनी खानापुरातल्या भावाला तार केली होती, १६ तारखेला पोचतोय, स्टेशनवर ये. मोर्समध्ये सहा म्हणजे एक डा आणि चार डिट. पाच म्हणजे नुसते पाच डिट. खरखरीत पहिला डा आखूड झाला आणि मी १५ लिहिलं. शब्द मोजले, बरोबर जुळले. जुळणारच, आकडा चुकला म्हणून शब्द कमी होत नाही. यासाठीच रिवाज होता की तारेतले आकडे शेवटी परत एकदा पाठवून ताडून घ्यायचे. मी कंटाळा केला. चहा आला होता. तो भाऊ १५ तारखेच्या रात्री मिरज-लोंढा लाइनवरच्या आमच्या छोट्याशा स्टेशनावर पावसात बसून राहिला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आला. ओरडला नाही. फॉर्म माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, ‘मास्तर, एका आकड्यानं रात्र खाल्ली की हो.’

१५ जुलै २०१३ पासून देशातली तारसेवा बंद झाली. माझ्या विद्येला त्या दिवसापासून भंगाराचा भाव आला असं मी धरून चाललो होतो.

माझी नात बेळगावात कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग करते. अळंबीची गोष्ट आणि पाठोपाठ हे सगळं ऐकून ती म्हणाली, ‘आबा, तुम्ही जे करत होता त्यालाच आम्ही प्रोटोकॉल म्हणतो.’ तोवर मला प्रोटोकॉल म्हणजे मंत्र्याच्या गाडीमागं कुणाची गाडी लागायची ते, एवढंच ठाऊक. तिनं समजावलं, दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलताना आधी कोण बोलणार, कुठल्या शब्दांत मागणार, उत्तर कसं येणार आणि संपलं हे कसं कळणार, याचा आधी ठरवलेला करार म्हणजे प्रोटोकॉल. त्या रात्री लाइट गेलेले, लॅपटॉपच्या बॅटरीवर तिनं मला असे दोन-तीन करार दाखवले आणि माझी झोप उडवली.

पहिला गोफर, दुसऱ्या कॉम्प्युटरवरचा मजकूर यादीतून निवडून मागवायचा करार. १९९१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मार्क मॅकेहिल आणि त्यांच्या सोबत्यांनी बसवलेला. गोफर हा बिळं करणारा प्राणी, त्या विद्यापीठाच्या संघांचं बोधचिन्ह. काम असं चालतं: आपलं यंत्र पलीकडच्या यंत्राचं ७० नंबरचं दार ठोठावतं आणि काय हवंय ते एका ओळीत सांगतं. नुसती यादी हवी असेल तर कोरी ओळ पाठवायची. मग यादी येते. यादीतल्या प्रत्येक ओळीचं पहिलंच अक्षर वस्तूचा प्रकार सांगतं: ० असेल तर मजकूर, १ असेल तर पोटातली आणखी एक यादी, ७ असेल तर शोधायची सोय. पुढं तिचं नाव आणि ती कुठल्या यंत्रावर, कुठल्या दारात मिळेल तो पत्ता. यादी संपली की शेवटच्या ओळीवर एकटा पूर्णविराम. दार बंद.

तो एकटा पूर्णविराम बघून मी खुर्चीत सरळ झालो. आमचं डिट-डा-डिट-डा-डिट! आणि ते ०, १, ७ म्हणजे तर घरचीच मंडळी. शुभेच्छांच्या तारांना आमच्याकडं असेच आकडे ठरलेले होते, दिवाळीला १, लग्नाला ८. वाटेनं नुसता आकडा जायचा, पलीकडचा मास्तर पुस्तकात बघून अख्खं वाक्य फॉर्मवर उतरवायचा. लग्नसराईत मी इतके आठ वाजवलेत की झोपेतही डा-डा-डा-डिट-डिट ऐकू यायचं.

ई-मेलचा करार जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिला, त्यातही पत्राचा शेवट असाच एकट्या पूर्णविरामानं होतो. मी लगेच शंका काढली: पत्रातच कुणी एका ओळीवर नुसता पूर्णविराम दिला तर? नातीनं दाखवलं, त्याचीही सोय आहे. पत्रातली ओळ पूर्णविरामानं सुरू होत असेल तर पाठवताना तिथं आणखी एक घालायचा, घेणाऱ्यानं तो काढून टाकायचा. ज्यानं ही युक्ती घातली तो कधीतरी तोंडघशी पडलेला असणार, असल्या गोष्टी घरबसल्या सुचत नाहीत. याच पोस्टेलसाहेबांचं एक तत्त्व या लोकांत फार मानतात म्हणे: पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार राहा. पहिल्या अर्ध्याशी मी सहमत आहे. उदार कानाची मात्र मला १९८१ पासून भीती वाटते. खरखरीतून आलेलं समजून घ्यायला गेलो, आणि स्टेशनावर एक माणूस भिजला.

गोफर मागं का पडला? १९९३ च्या फेब्रुवारीत त्या विद्यापीठानं काही वापरांसाठी गोफर सर्व्हरचे पैसे घ्यायचं जाहीर केलं. त्याच वर्षी ३० एप्रिलला जिनिव्हाजवळच्या सर्न संशोधन केंद्रानं टिम बर्नर्स-ली यांचं वेब जगाला मोफत खुलं करून दिलं. लोक तिकडं वळले. नुसत्या पैशासाठी वळले असं मी म्हणणार नाही, वेबमध्ये चालत्या वाक्यातल्या शब्दालाच दुवा लावता येत होता, हे मोठंच सुख. आणि सुरुवातीचं वेबही काही कमी साधं नव्हतं. एका ओळीत मागणी, उत्तरात नुसतं पान, दार बंद. पुढं त्यावर माळ्यावर माळे चढले. आज एक पान उघडायला दोन-अडीच एमबी लागले तरी कुणाला नवल वाटत नाही.

याचा वैताग येऊन काही लोकांनी २०१९ साली जेमिनी नावाचा नवा करार बसवला. याचं दार १९६५ नंबरचं, कारण अमेरिकेच्या जेमिनी यानातून माणूस पहिल्यांदा गेला ते साल. मागणी म्हणजे एक ओळ, जास्तीत जास्त १०२४ बाइट लांब. उत्तराच्या माथ्यावर दोन आकडी खूण: २० म्हणजे घ्या, ५१ म्हणजे असं काही इथं नाही. पान साध्या मजकुराचं, दुव्याला स्वतंत्र ओळ. मागावर राहणारी कुकी नाही, आपोआप उघडणारं चित्र नाही, पानातून चालणारा प्रोग्रॅम नाही. आणि उद्या कुणी घालू म्हटलं तर घालता येऊ नये अशीच बांधणी. मला हे सगळ्यात आवडलं. खात्यात असताना ‘साहेब, फॉर्मवर एवढा एकच रकाना वाढवू’ म्हणणारे मी पुष्कळ बघितलेत.

पण इथं आजा-नातीचं वाजलं. मी विचारलं, शब्दसंख्या कुठाय? मजकूर किती यायचा ते आधी कुठं सांगितलंय? ती म्हणाली, सांगत नाहीत. जेमिनीत सगळा मजकूर कुलपात घालून पाठवणं सक्तीचं आहे, आणि ते कुलूप लावणारा पद्धतशीर निरोप घेऊन दार लावतो; निरोप न घेता दार आपटलं तर मध्येच तुटलं असं समजायचं. मी म्हटलं, तुटलं हे कळलं, किती राहिलं ते? ते नाही कळत, म्हणाली. आजच्या वेबमध्ये लांबी आधी सांगायची सोय आहे, तेवढ्यापुरता मी वेबच्या बाजूनं. जांबोटीच्या पुढं मोबाइलची रेंज कशी येते-जाते हे ज्याला माहीत आहे, त्याला माझा हट्ट कळेल. शिवाय कुलपाची सक्ती म्हणजे जुने फोन बाहेरच राहणार. गाडीची वेळ चोरून कोण काय करणार आहे? नात म्हणते, चोरीचा प्रश्न नाही, मध्येच कुणी वेळ बदलून पाठवू नये म्हणून कुलूप. हे मात्र मला मान्य करावं लागलं.

आता लिपीचं. तारेतून मराठी जायची ती बहुतेक रोमन अक्षरांत, नाहीतर ठरलेल्या चार इंग्रजी वाक्यांत. तार आली की घरात आधी रडारड, मग वाचणारा शोधायचा. गोफर बसवणाऱ्यांपुढंही रोमन अक्षरंच होती. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत टेबलावरच्या कागदावर यूटीएफ-८ ची, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं कॉम्प्युटरमध्ये लिहायच्या पद्धतीची, मांडणी केली. तिच्यामुळं मराठी, कन्नड आणि इंग्रजी एकाच फायलीत शेजारी शेजारी नांदतात. इंग्रजी अक्षराला त्यात एक बाइट लागतो, आपल्या अक्षराला, मात्रेला, अनुस्वाराला प्रत्येकी तीन. जेमिनीत तर उत्तराच्या पहिल्याच ओळीत मजकुराची भाषा सांगायलाही जागा आहे, मराठीला एमआर, कन्नडला केएन. आमच्या गल्लीत डावीकडचं घर कानडी, उजवीकडचं मराठी, आणि पाणी दोघांच्या नळाला एकाच वेळी येतं. पाटी कुठल्या भाषेत, यावर या भागात आपण किती वर्षं घालवली ते आपण जाणताच. इथं दोन्ही भाषांना जागा आधीच करून ठेवलेली आहे, भरणारा हवा.

तीन बाइटांचा हा महाग दर धरूनही मी वरची नोटीस मोजली. १६ शब्द, ३३२ बाइट. तिचा तो अंगठावाला फोटो नातीनं तपासला, दीड एमबी. म्हणजे साडेचार हजार पट वजन, आणि तारीख गायब. संबंधित कार्यालयाचं ॲपही आहे. तेही मी उतरवून बघितलं. आधी फोन नंबर मागितला, मग ओटीपी, मग मी कुठं उभा आहे ते, मग माझ्या फोनमधले सगळे नंबर. कशासाठी, तर साडेसहाची गाडी आहे की नाही ते सांगायला. सगळं दिल्यावर एक चक्र फिरायला लागलं. रेंज गेली होती.

आम्ही गावात एक प्रयोग केला तो सांगतो. वाचनालयात एक जुना कॉम्प्युटर पडून होता. नातीनं सुट्टीत दोन संध्याकाळी बसून त्यावर गोफर चालू केला, सव्वाशे-दीडशे ओळींचं काम. यादीत गाडी, लाइट, पाणी, रेशन, काजूचा दर. मी रोज सकाळी फोनवरून विचारून मजकूर घालायचो, माथ्यावर तारीख, वेळ, शब्दसंख्या. फार झोकात चाललं, फक्त बघणारा कुणी नव्हता. आजच्या फोनमधला नेहमीचा ब्राउझर गोफर उघडतच नाही. फायरफॉक्समध्ये पूर्वी ती सोय होती, २०११ साली काढली. आठ दिवस मी आणि नात, दोघंच वाचक. नवव्या दिवशी तिनं त्याच फायली साध्या वेबवर ठेवल्या, एका पत्त्यावर, सजावट शून्य. मग लोक बघायला लागले. चहाच्या गाड्यावरचा पोरगा रोज सकाळी ती पाच-सहा वाक्यं थांब्याजवळच्या फळ्यावर खडूनं उतरवतो. एका दिवशी त्यानं मला हटकलं, ‘मास्तर, वर बारा शब्द म्हणताय, फळ्यावर अकराच आल्यात.’ बघितलं तर ‘नाही’ राहिलं होतं. पाणी येणार नाही, यातलं ‘नाही’!

ॲप फळ्यावर उतरवता येत नाही. फोटो उतरवता येतो, पण आधी कुणीतरी तो डोळे ताणून वाचावा लागतो. आणि ज्याला दिसत नाही त्याला फोन फोटो वाचून दाखवेलच असं नाही, साधा मजकूर दाखवतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की नवीन काही बांधू नका. गोफर नको, जेमिनीही नको. रोज लोकांना सूचना देणाऱ्या प्रत्येक कार्यालयानं, एका न बदलणाऱ्या पत्त्यावर, साध्या मजकुराची एक फाइल ठेवावी. अशी:

सूचना क्र.: १४
निघाली: १९ जुलै, सायं. ५.१०
लागू: २० जुलै सकाळपासून
संपते: २५ जुलै, किंवा नवी सूचना निघेल तेव्हा
भाषा: मराठी (खाली कन्नड)
शब्द: १०
जांबोटी मार्गे जाणारी सकाळी ६.३०ची गाडी बंद. ८.३०ची गाडी घ्यावी.
आकडे पुन्हा: ६.३०, ८.३०

‘संपते’ ही ओळ तारेत नव्हती, ती मी उसनी घेतली आहे. आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी ओएसिस या संस्थेनं २००४ साली कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल नावाचा करार केला. त्यात इशारा कधी निघाला, कधी संपतो, कुठल्या भागासाठी आहे, सगळ्याला जागा आहे, आणि एकाच इशाऱ्याच्या पोटात अनेक भाषांतले मजकूर ठेवता येतात. आपल्या देशात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ व्यवस्था याच करारावर चालते. म्हणजे पुराच्या इशाऱ्याला जी शिस्त मिळाली तीच साडेसहाच्या गाडीला हवी, एवढीच मागणी आहे. अळंबीवालीसाठी तोही पूरच.

पत्ता न बदलण्याचं मुद्दाम लिहितो. दरवर्षी कुणीतरी संकेतस्थळ नवं करतं आणि जुने सगळे दुवे मेलेले असतात. रेल्वेकडून शिकावं. २०१४ साली कागदोपत्री बेळगावचं बेळगावी झालं. त्यावर कुणाला काय वाटलं तो विषय वेगळा, पण स्टेशनचं सांकेतिक नाव बीजीएम होतं ते आजही बीजीएमच आहे. पाटी बदलली, पत्ता नाही, म्हणून गाड्या चुकल्या नाहीत.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. अशा फायली निघू लागल्या तर आपण त्या रोज एका कोपऱ्यात माथ्याच्या ओळींसकट जशाच्या तशा छापाव्यात. निघत नाहीत तोवर आमच्या वाचनालयाची फाइल घ्यायला हरकत नाही, तिचे पैसे नाहीत. फक्त शब्द मोजून घ्या.

आणि या पत्रातले आकडे (नमुन्यातले सोडून) जुन्या रिवाजाप्रमाणे आले त्या क्रमानं खाली परत देतो. छापण्याआधी एकदा ताडून घ्यावेत.

१९७८, १९८१, १६, १५, १५, १५, २०१३, १९९१, ७०, ०, १, ७, ०, १, ७, १, ८, १९८२, १९८१, १९९३, ३०, २०१९, १९६५, १०२४, २०, ५१, १९९२, ८, १६, ३३२, २०११, २००४, २०१४.

आपला,
एक निवृत्त तारमास्तर,
ता. खानापूर, जि. बेळगाव